आम्लानेच घडवलेला रोधक

‘नेचर’ साप्ताहिकाच्या 1981 सालच्या 290व्या खंडात 159 ते 161 या पानांवर एक छोटेखानी शोधनिबंध आहे. फेलेनियस, बर्गलिंध, सॅक्स, ओल्बे, एलांडर, श्योस्ट्रांड आणि वालमार्क हे त्याचे सात लेखक. म्हणणं एका वाक्यात मावणारं: बेन्झिमिडाझोल कुळातली काही संयुगं जठरातलं आम्ल थांबवतात, ती आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद पाडून. आज घरोघरी सकाळी उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल या औषधांचं शास्त्र या तीन पानांपाशी येऊन मिळतं. मी ती पुन्हा पुन्हा वाचतो ते मात्र औषधांच्या माहितीसाठी नाही. एखादं काम कसं चालतं हे ते अडवून कसं शोधावं, याचा इतका नितळ नमुना मला दुसरा ठाऊक नाही. शिवाय तो निबंध वाचून झाल्यावर एक प्रश्न मनात उरतोच. त्याचं पुरतं उत्तर पाच वर्षांनी रसायनशास्त्रज्ञांनी दिलं, आणि ते उत्तर या साऱ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग आहे.

आधी ज्या पेशीबद्दल हे सगळं आहे ती पाहू. जठराच्या अस्तरात खोल उतरत गेलेल्या अरुंद ग्रंथी असतात आणि त्यांच्या भिंतींत परायटल पेशी. ही पेशी जो रस सोडते त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचं प्रमाण दर लिटरला सुमारे 160 मिलिमोल असतं. पीएच 1च्याही खाली. तिच्या दुसऱ्या अंगाला जे रक्त खेळतं त्याचा पीएच 7.4. म्हणजे एकाच पेशीच्या अलीकडे हायड्रोजन आयन जितके, त्याच्या दहा लाख पटींहून अधिक पलीकडे. एवढा चढ आपल्या शरीरात दुसऱ्या कोणत्याही पेशीला चढावा लागत नाही. जठररसातलं आम्ल हायड्रोक्लोरिकच आहे हे विल्यम प्राउट या इंग्लिश वैद्याने 1824 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतरची दीडशे वर्षं प्रश्न तोच राहिला: ही पेशी आम्ल करते कशी, आणि करताना स्वतः त्यात जळून कशी जात नाही?

उत्तराचा एक धागा कामिल्लो गोल्जीला 1893 मध्ये दिसला होता. परायटल पेशीच्या आत अतिसूक्ष्म नलिकांचं जाळं असतं आणि पेशी कामाला लागली की त्याचं रूप पालटतं. आज आपल्याला कळतं ते असं. पेशी स्वस्थ असते तेव्हा तिचे पंप आतल्या लहान लहान पिशव्यांच्या पटलात निजलेले असतात. जेवणाची चाहूल लागली की या पिशव्या नलिकांना जाऊन मिळतात, नलिकांचं क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढतं, आणि जागे झालेले पंप हायड्रोजन आयन नलिकेत लोटू लागतात. लोटलेल्या प्रत्येक हायड्रोजन आयनाच्या बदल्यात एक पोटॅशियम आयन आत येतो, खर्च एटीपी या पेशीच्या इंधनाचा. पेशीच्या अंतरंगात आम्ल साठत नाही. ते साठतं नलिकेत, पटलाच्या पलीकडे. ही नलिका लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं नाट्य तिथेच घडतं.

अडवून शोधायची रीत जुनी आहे, आणि ती फसवतेही. अमेरिकेतल्या होरेस डेव्हनपोर्टने 1939 मध्ये दाखवलं की परायटल पेशींत कार्बोनिक अनहायड्रेज हे एन्झाइम भरपूर असतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन झटपट करून देणं हे त्याचं काम. आम्लाचं मूळ सापडलं असं वाटणं अगदी साहजिक होतं. पण या एन्झाइमला रोखणारी सल्फा संयुगं देऊन पाहिली, तर आम्ल वाहतच राहिलं. डेव्हनपोर्टने 1946 मध्ये आपल्याच सिद्धान्ताला श्रद्धांजली वाहणारा लेख लिहिला, मथळाच श्रद्धांजलीचा. काही वर्षांनी ॲसिटाझोलामाइड हा कितीतरी तिखट रोधक हाती आला आणि आम्ल घटलं. एन्झाइमचा सहभाग खराच होता, पहिले रोधक तोकडे पडले होते. रोधक घातला आणि काहीच थांबलं नाही, एवढ्यावरून काढलेला निष्कर्ष किती कच्चा असू शकतो, हे दाखवणारं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. स्वतःचा सिद्धान्त जाहीरपणे मागे घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो, मग तो मागे घेणं पुढे चुकीचं ठरलं तरी.

जेम्स ब्लॅकने हीच रीत उलट्या दिशेने वापरली. हिस्टामिन दिलं की जठरात आम्ल वाढतं हे ठाऊक होतं. ॲलर्जीवरची तेव्हाची औषधं हिस्टामिनची बाकी बरीच कामं थांबवत, आम्ल मात्र थांबवत नसत. ब्लॅकने याचा अर्थ असा लावला की हिस्टामिनचा आणखी एक ग्राही, म्हणजे पेशीवरची त्याला धरणारी जागा, असला पाहिजे आणि त्याला रोखणारं संयुग अजून कोणी केलेलं नाही. 1964 पासून इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटीत स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीत तो आणि रॉबिन गॅनेलिनसारखे रसायनज्ञ हिस्टामिनच्याच रेणूत फेरफार करत राहिले. 1972 मध्ये ब्युरिमामाइड जाहीर झालं, आणि त्याबरोबर तो दुसरा ग्राहीही सिद्ध झाला. रोधक सापडल्यावर ग्राही सापडला, हा क्रम विलक्षण आहे. त्यानंतरच्या मेटिअमाइडने काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, म्हणून त्यातला थायोयुरियाचा भाग बदलून सिमेटिडिन केलं गेलं. 1976 मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आलं आणि अल्सरच्या शस्त्रक्रियांची गरज झपाट्याने उतरू लागली. 1988 च्या नोबेल पारितोषिकात ब्लॅकचा वाटा होता.

पण सिमेटिडिन एकच वाट अडवतं. परायटल पेशीला हिस्टामिन जागं करतं, तसंच मज्जातंतूंतून येणारं ॲसिटिलकोलिनही. गॅस्ट्रिन हे संप्रेरक मुख्यतः शेजारच्या पेशींकडून हिस्टामिन सोडवून काम साधतं. जेवणाच्या वेळी हे सगळे एकदम येतात. म्हणून वाटा जिथे एकत्र मिळतात तिथे, अगदी शेवटच्या पायरीवर, काही अडवता येतं का, हा पुढचा प्रश्न होता. 1981 चा निबंध त्याच्याकडे वळतो.

त्या कामातलं साधन मला फार आवडतं. स्वीडनमधल्या उप्साला इथे बर्गलिंध आणि ओब्रिंक यांनी 1976 मध्ये सशाच्या जठरातल्या ग्रंथी सुट्ट्या करून जिवंत ठेवायची पद्धत बसवली. जठराच्या धमनीतून द्राव दाबाने सोडायचा, म्हणजे अस्तर सैल पडतं. ते सोडवून बारीक चिरायचं आणि कोलॅजेनेज एन्झाइममध्ये हळू हलवत ठेवायचं. धाग्यांनी बांधलेलं ऊतक विरत जातं आणि ग्रंथी एकेक करून मोकळ्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या आखूड, किंचित वाकड्या नळ्यांसारख्या दिसतात, परायटल पेशी बाहेरच्या बाजूला फुगून आलेल्या. त्यांना ॲक्रिडीन ऑरेंज हा रंग दिला तर आधी सगळीकडे हिरवी चमक दिसते. मग हिस्टामिन घालायचं. जिथे आम्ल गोळा होऊ लागतं तिथे रंग दाटतो आणि हिरव्यात लालसर ठिणग्या उमटू लागतात. गोल्जीने पाहिलेल्या त्या नलिकाच.

पण हे आम्ल मोजायचं कसं? जठर आख्खं असेल तर आतला रस काढून मोजता येतो. सुट्ट्या ग्रंथीत आम्ल नलिकेतच अडकून असतं, आणि पेशीने बायकार्बोनेट दुसऱ्या अंगाने बाहेर सोडलेलं असतं, त्यामुळे भोवतीच्या द्रावावरून काही कळत नाही. इथे ॲमिनोपायरिन कामाला आलं. हा दुबळा अल्क आहे. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन (हायड्रोजन आयन) धरून असतात तो आकडा, सुमारे 5. रक्ताच्या पीएचला तो बहुतांशी विद्युतभाररहित असतो आणि पेशीच्या पटलांतून सहज आरपार जातो. आम्लाच्या जागी पोचला की तो एक प्रोटॉन घेतो, भारित होतो, आणि मग त्याला परत फिरता येत नाही. जितकं आम्ल जास्त तितका तो जास्त साठतो. किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं ॲमिनोपायरिन घातलं की ग्रंथीत किती साठलं यावरून आम्लाचा अंदाज मिळतो. आम्लाची साक्ष काढायला आम्लाचाच गुण वापरलाय, ही गोष्ट पुढे एका औषधाच्या पोटी पुन्हा भेटणार आहे.

आता युक्तिवाद पाहा. ग्रंथींना हिस्टामिनने जागं केलं की ॲमिनोपायरिन साठतं. सिमेटिडिन घातलं की साठणं थांबतं. पण हिस्टामिन वगळून पेशीच्या आतला पुढचा दूत, सायक्लिक एएमपीचं पटलातून आत शिरू शकणारं रूप, थेट घातलं तर आम्ल होतंच आणि सिमेटिडिनचा काही उपयोग होत नाही. कारण ते ज्या दारात उभं आहे ते दार आता ओलांडलं गेलंय. ॲट्रोपिनचंही तसंच, ते फक्त ॲसिटिलकोलिनची वाट अडवतं. बेन्झिमिडाझोल संयुगाने मात्र यातला प्रत्येक मार्ग थांबतो. सुरुवात कुठूनही करा, शेवट बंद. म्हणजे ते सगळ्यांच्या पुढच्या टप्प्यावर काम करत असणार. मग डुकराच्या जठरातून वेगळा काढलेला पंप, ज्याचं काम जॉर्ज सॅक्स आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये तपशिलात मांडलं होतं, घेऊन पाहिलं. तिथेही एटीपी फोडण्याचं त्याचं काम या संयुगाने मंदावलं. ही जोड अत्यावश्यक होती. थायोसायनेटही ग्रंथीतलं आम्ल घालवतं, पण वेगळ्या काढलेल्या पंपाला ते धक्का लावत नाही. ग्रंथीत थांबणं आणि पंपात थांबणं, दोन्ही दाखवल्यावाचून पंपाचं नाव घेता आलं नसतं. डेव्हनपोर्टच्या वाट्याला जो चकवा आला तो इथे टळला तो या दुहेरी बांधणीमुळे.

उरलेला प्रश्न हा. ज्या गंधकयुक्त संयुगांची ही जात, ती प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला धरणारी. सिस्टीन शरीरभर आहे. मग हे संयुग नेमकं जठरातल्याच पंपाला कसं धरतं?

गोथेनबर्गजवळच्या मोल्नदाल इथल्या हेस्ले कंपनीतले लोक या शोधात बरेच आधीपासून होते. त्यांच्या टिमोप्राझोल या संयुगाने आम्ल छान थांबवलं, पण थायरॉइड आयोडीन घेईना आणि थायमस ग्रंथी आक्रसू लागली. रचनेत बदल करत पिकोप्राझोल आलं आणि 1979 मध्ये ओमेप्राझोल. दोन वलयं, एक पिरिडीनचं आणि एक बेन्झिमिडाझोलचं. मध्ये कार्बन आणि ऑक्सिजन धरलेला गंधक. टिमोप्राझोलमध्ये पिरिडीनचं वलय उघडं होतं. ओमेप्राझोलमध्ये त्यावर दोन मिथाइल आणि एक मेथॉक्सी बसवलेत. वरवर पाहता किरकोळ बदल. पण त्यांमुळे पिरिडीनमधला नायट्रोजन प्रोटॉन घ्यायला अधिक राजी झाला आणि त्याचा पीकेए सुमारे 4 वर आला. या रेणूतलं सगळं सामर्थ्य मला या तीन छोट्या गटांत दिसतं, कारण पुढची साखळी त्यांच्यापासून सुरू होते.

पेर लिंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही साखळी उलगडली. रक्तात ओमेप्राझोल भारहीन असतं, कुठल्याही पेशीत जातं आणि बाहेर येतं, कोणाला काही करत नाही. परायटल पेशीतून नलिकेत उतरलं की तिथल्या आम्लात पिरिडीन प्रोटॉन घेतं आणि रेणू अडकतो, थेट ॲमिनोपायरिनसारखा. नलिकेत त्याचं प्रमाण रक्ताच्या मानाने सुमारे हजार पट होतं. पण ॲमिनोपायरिन तिथे नुसतं साठून राहतं. ओमेप्राझोलची खरी सुरुवात तिथून होते. तीव्र आम्लात रेणू स्वतःमध्येच वळतो: पिरिडीनचा नायट्रोजन बेन्झिमिडाझोलच्या कार्बनवर चालून जातो, बंध जागा बदलतात, गंधकाजवळचा ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघून जातो, आणि चार वलयं जोडलेला, कायमचा धनभारित सल्फेनमाइड तयार होतो. हाच खरा रोधक. तो पंपाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या 813 क्रमांकाच्या सिस्टीनशी गंधक-गंधक बंध बांधतो आणि पंप जागच्या जागी थांबतो. पीएच 1 च्या आसपास हे सगळं काही मिनिटांत होतं. रक्ताच्या पीएचला त्याच रेणूला बदलायला कित्येक तास लागतात.

ब्लॅकच्या औषधाचा नेम आकारात होता: ग्राहीत नेमका बसेल असा रेणू. ओमेप्राझोलचा नेम जागेत आहे. जिथे आम्ल, तिथेच ते शस्त्र होतं. बाकी शरीरासाठी ते जवळजवळ निरुपद्रवी पाहुणं. आणि ज्याला थांबवायचं त्यानेच ते शस्त्र घडवून द्यायचं. पंपाने आम्ल केलं नसतं तर त्याला रोखणारा रोधकही झाला नसता. माणसाने जुळवलेल्या रेणूंमध्ये मला याहून सुंदर रचना माहीत नाही. आणखी एक बारकावा आहे. गंधकाभोवतीच्या मांडणीमुळे ओमेप्राझोलचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार असतात, पण नलिकेत घडणाऱ्या सल्फेनमाइडमध्ये हा फरक उरतच नाही. दोघांपासून एकच रोधक तयार होतो. एसोमेप्राझोल म्हणून फक्त डावा प्रकार वेगळा विकला जातो, तो यकृतात सावकाश फुटतो म्हणून.

याच गुणातून औषधाची अडचणही निघाली. आम्लात बदलणारा रेणू तोंडावाटे घेतला तर तो जठराच्या पोकळीतच बदलून वाया जाणार. म्हणून ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडली तर आत साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे निघतात, प्रत्येकावर आम्लाला दाद न देणारा लेप. हे दाणे चावून किंवा कुटून घ्यायचे नसतात ते याचमुळे. जठरातून ते तसेच पुढे सरकतात, आतड्यातल्या सौम्य पीएचला लेप विरतो, औषध रक्तात जातं, यकृतातून फिरतं आणि परायटल पेशीकडे रक्ताच्या अंगाने, मागच्या दाराने, येतं. ज्या पोकळीतून ते अर्ध्या तासापूर्वी झाकलेलं गेलं, तिच्याच भिंतीत ते पाठीमागून शिरतं.

केमिस्ट ‘सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी’ असं बजावतो त्यामागेही नलिकाच आहे. निजलेले पंप आम्ल करत नाहीत, म्हणून ते औषध घडवतही नाहीत आणि त्याच्या हाती लागतही नाहीत. औषध रक्तात भरपूर असतानाच जेवण यावं, पंप जागे व्हावेत. रक्तात ते फार टिकत नाही, अर्धायुष्य तासाभराचं. तरी परिणाम दिवसभर राहतो, कारण बांधले गेलेले पंप सहजी सुटत नाहीत; पेशीला बरेचसे नवे करावे लागतात. पहिल्या गोळीने पूर्ण आराम पडत नाही यातही नवल नाही. त्या दिवशी न जागलेले पंप सुटून गेलेले असतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सापडतात.

1984 मध्ये हे औषध जवळजवळ बुडालं होतं. आयुष्यभर मोठ्या मात्रेत औषध दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी आढळल्या आणि माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या गेल्या. तपासात उलगडलं की दोष रेणूचा नव्हता. आम्ल फार काळ नसलं की शरीर गॅस्ट्रिन वाढवतं आणि गॅस्ट्रिन हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना वाढवत नेतं. दुसऱ्या मार्गाने आम्ल कमी केलं तरी उंदरांत तेच होत होतं. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि 1988 मध्ये ओमेप्राझोल स्वीडनमध्ये विक्रीस आलं. पण या वाढीची सौम्य आवृत्ती माणसातही आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात 120 निरोगी माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल दिलं आणि मग बंद केलं. ज्यांना पूर्वी कधी ॲसिडिटी नव्हती अशांपैकी 44 टक्क्यांना गोळी थांबल्यावर जळजळ किंवा आंबट ढेकरा सुरू झाल्या. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. आपल्याकडे महिनोन्‌महिने विनासल्ला ही पाकिटं संपवणाऱ्यांना गोळी सोडली की त्रास होतो आणि म्हणून ती सोडवत नाही. त्यातला काही त्रास गोळीनेच उभा केलेला असतो. इतक्या नेमक्या रेणूचा वापर इतका ढिसाळ व्हावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अलीकडे व्होनोप्राझन हा वेगळ्या घडणीचा रोधक आलाय. जपानमध्ये तो 2015 पासून मिळतो. तो पोटॅशियम आत येण्याच्या वाटेत बसतो, सिस्टीनशी बंध बांधत नाही, आणि त्याला आम्लात रूप बदलावं लागत नाही. त्यामुळे लेप नको, जेवणाआधीची वेळ पाळायला नको, पहिल्याच दिवशी परिणाम. 2018 मध्ये जपानच्या काझुहिरो आबे आणि सहकाऱ्यांनी पंपाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, तीत हा रेणू पंपाच्या खोबणीत बसलेला स्पष्ट दिसतो. आकाराचा नेम पुन्हा परतला असं म्हणावं, तर त्याचा पीकेए पाहावा: 9च्या वर. म्हणजे आम्लाने घडण्याची गरज त्याला उरली नसली तरी नलिकेतल्या आम्लात प्रोटॉन घेऊन तो ओमेप्राझोलपेक्षाही दाट साठतो, आणि कितीतरी जास्त काळ तिथेच मुक्काम करतो.